किंमत, काळ आणि बाजाराची रचना : किंमत-काल वितरण आलेखाची चिकित्सा
(लातूर व नांदेड येथील शेतमाल बाजाराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बाजारभावाची नोंद कशी ठेवावी हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु नोंदीत काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे हे ठरवतानाच बाजाराकडे पाहण्याची एक दृष्टी स्वीकारली जात असते. मराठवाड्यातील मोंढ्याचे दैनिक भावपत्रक पाहिल्यास त्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने आढळतात. कोणता भाव निघाला हे त्यावरून कळते. तो भाव किती वेळ टिकला हे कळत नाही. शेअर बाजाराच्या रूढ आलेखात काळाला स्थान असते, पण ते आडव्या अक्षावर घटनांचा क्रम दाखवण्यापुरतेच. काळ हे स्वतंत्र मोजमाप मानून प्रत्येक किमतीवर बाजार किती वेळ थांबला याची मांडणी करणारी पद्धती म्हणजे 'मार्केट प्रोफाइल'. तिला मराठीत 'किंमत-काल वितरण आलेख' म्हणता येईल.

या पद्धतीचा प्रसार गेल्या काही वर्षांत भारतातील सट्टा व्यवहार करणाऱ्यांमध्ये झाला आहे आणि वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कानावरही तिची परिभाषा पडू लागली आहे. तिचे उपयोग सांगणारे लेखन विपुल आहे. तिच्या गृहीतकांची तपासणी मात्र क्वचितच होते. बाजार ज्या किमतीवर अधिक वेळ थांबतो ती किंमत बाजाराने स्वीकारलेली असते, हे या पद्धतीचे मूलभूत गृहीतक आहे. प्रस्तुत लेखात याच गृहीतकाची चिकित्सा केली आहे. थांबणे आणि स्वीकारणे या दोन क्रिया एकच आहेत काय, हा येथील मुख्य प्रश्न असून त्याची कसोटी लातूरच्या सोयाबीन बाजारावर व नांदेडच्या हळद बाजारावर घेतली आहे.

संकल्पनेचा उगम

१८४८ मध्ये स्थापन झालेल्या शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या धान्य वायदे बाजारात पीटर स्टाइडलमायर हे व्यापारी म्हणून वावरत होते. १९८० च्या दशकात त्यांनी या संस्थेच्या साहाय्याने ही मांडणी प्रचारात आणली. केव्हिन कॉय यांच्यासमवेत लिहिलेला 'मार्केट्स अँड मार्केट लॉजिक' हा त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९० मध्ये जेम्स डाल्टन व त्यांच्या सहलेखकांनी 'माइंड ओव्हर मार्केट्स' या ग्रंथातून या पद्धतीला पाठ्यपुस्तकी शिस्त दिली.

स्टाइडलमायर यांच्या विचाराचा गाभा असा की बाजार म्हणजे दुहेरी लिलाव होय. भाव वर जातो तो विक्रेत्यांना बोलावण्यासाठी आणि खाली येतो तो खरेदीदारांना बोलावण्यासाठी. किंमत ही केवळ जाहिरात असते. त्या जाहिरातीला प्रतिसाद मिळाला की नाही हे काळ सांगतो. क्षणभर निघालेली किंमत ही नुसती किंमत, तर दीर्घकाळ टिकलेली किंमत हे मूल्य, असा भेद त्यातून निर्माण होतो. मराठी भाषेत 'किंमत' आणि 'मूल्य' हे दोन शब्द आधीपासूनच वेगळे असल्याने हा भेद मराठी वाचकास परका वाटू नये. मात्र किमतीचे मूल्यात रूपांतर करण्याचा अधिकार एकट्या काळाला द्यावा काय, हे पुढे पाहावयाचे आहे.

आलेखाची रचना

आलेखाची रचना सोपी आहे. दिवसाच्या व्यवहारकाळाचे अर्ध्या तासाचे भाग पाडले जातात व प्रत्येक भागाला एक अक्षर दिले जाते. त्या अर्ध्या तासात ज्या ज्या किमतींना व्यवहार झाला त्या प्रत्येक किमतीसमोर ते अक्षर एकदा लिहावयाचे. दिवसअखेर अक्षरांच्या आडव्या ओळींचा एक आकार तयार होतो. पुढील उदाहरण पूर्णतः काल्पनिक असून तीन तासांचा व्यवहार व दहा रुपयांची पायरी गृहीत धरली आहे.

४३८० : फ
४३७० : फ
४३६० : इ फ
४३५० : ब ड इ फ
४३४० : अ ब क ड इ फ
४३३० : अ ब क ड इ
४३२० : अ ब क
४३१० : अ क
४३०० : अ

येथे एकूण २५ अक्षरे आहेत. सर्वांत लांब ओळ ४३४० रुपयांची असून तिला 'नियंत्रण बिंदू' म्हणतात. या ओळीपासून सुरुवात करून वरची किंवा खालची जी ओळ अधिक लांब असेल ती एकेक करून जोडत गेल्यास ४३२० ते ४३५० या पट्ट्यात १८ अक्षरे, म्हणजे ७२ टक्के, येतात. सुमारे ७० टक्के अक्षरे सामावणाऱ्या अशा पट्ट्यास 'मूल्यक्षेत्र' ही संज्ञा आहे. पहिल्या तासाचा, म्हणजे 'अ' व 'ब' यांचा, पल्ला ४३०० ते ४३५० असा आहे. दिवसाच्या उत्तरार्धात किंमत या पल्ल्याच्या वर गेली, यावरून दीर्घ मुदतीचा विचार करणारा खरेदीदार बाजारात उतरला असे अनुमान केले जाते.

या मांडणीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. रूढ भावपत्रकात या दिवसाची नोंद किमान ४३००, कमाल ४३८० एवढीच झाली असती. दिवसभर ४३४० च्या आसपास रेंगाळून शेवटी वर गेलेला बाजार आणि सकाळीच ४३८० ला जाऊन उरलेला दिवस ४३०० वर पडून राहिलेला बाजार हे दोन्ही त्या नोंदीत सारखेच दिसले असते. टोकाच्या भावांवरून लक्ष काढून ते मधल्या व्यवहाराकडे नेणे हे या आलेखाचे खरे योगदान होय. वर्णनाचे साधन म्हणून तो उपयुक्त आहे. अडचण सुरू होते ती वर्णनावरून निर्णयाकडे उडी घेतली जाते तेथे.

गृहीतकांची चिकित्सा

पहिला आक्षेप काळाच्या निवडीविषयी आहे. शिकागोच्या खुल्या लिलावात हातवारे आणि आरोळ्यांनी सौदे होत; कोणत्या किमतीला किती माल विकला गेला हे त्या क्षणी कळण्याची सोय नव्हती. त्यामुळे एखादी किंमत किती अर्ध्या तासांत दिसली हे व्यवहाराच्या आकारमानाचे बदली माप म्हणून वापरण्यात व्यावहारिक शहाणपण होते. आज संगणकीय बाजारात प्रत्येक सौद्याचे आकारमान तत्काळ उपलब्ध असते. वरील उदाहरणात शेवटच्या अर्ध्या तासात ४३७० व ४३८० या भावांना दिवसाचा निम्मा माल विकला गेला असे मानल्यास आकारमानाचा आलेख शिखर वरच्या टोकाला दाखवील, तर काळाचा आलेख तेथे एकेक अक्षराचे अरुंद टोक दाखवील. बाजाराने 'स्वीकारलेली' किंमत मग कोणती मानावयाची? बदली मापाची निकड संपल्यावरही त्याच मापाला मूल्याचा निकष मानणे ही सवय झाली, सिद्धांत नव्हे.

दुसरा आक्षेप विभागणीच्या कृत्रिमतेचा आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या समभाग व्यवहाराची वेळ सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० ही ३७५ मिनिटांची आहे. अर्ध्या तासाचे भाग पाडल्यास बारा पूर्ण भाग होतात आणि तेरावा भाग केवळ पंधरा मिनिटांचा उरतो. दिवस मिटवण्याच्या घाईची ही पंधरा मिनिटे आणि दुपारची संथ तीस मिनिटे यांना आलेखात एकच वजन मिळते. विभागणीचा आरंभ काही मिनिटांनी सरकवला किंवा किमतीची पायरी बदलली तर ओळींची लांबी बदलते व कधी कधी नियंत्रण बिंदूही हलतो. ज्या निष्कर्षाचे स्थान मोजपट्टीच्या निवडीवर अवलंबून असते त्याला बाजाराचा गुणधर्म म्हणताना संकोच बाळगला पाहिजे.

तिसरा आक्षेप संख्याशास्त्रीय असून तो सर्वांत गंभीर आहे. आलेखाचा मधे फुगीर व टोकांना निमुळता आकार घंटाकृती वक्राची आठवण करून देतो. मूल्यक्षेत्रासाठी सुमारे ७० टक्क्यांचे प्रमाण घेण्यामागेही प्रसामान्य वितरणातील एका प्रमाण विचलनाच्या मर्यादेत येणाऱ्या ६८ टक्क्यांचीच प्रेरणा आहे. परंतु प्रसामान्य वितरणाचा आधार स्वतंत्र निरीक्षणांवर असतो. बाजारातील पुढची किंमत मागच्या किमतीच्या शेजारीच उभी असते. वर्गात सहज करता येण्याजोगा एक प्रयोग येथे उद्‌बोधक ठरेल. नाणे ३९० वेळा उडवावे. छापा आल्यास किंमत एक पायरी वर, काटा आल्यास एक पायरी खाली धरावी. प्रत्येक तीस फेकींना एक अक्षर देऊन आलेख काढावा. त्यातही कोठेतरी लांब ओळ, तिच्याभोवती फुगवटा आणि टोकांना एकेरी अक्षरे दिसतील. येथे कोणी खरेदीदार नाही, विक्रेता नाही आणि कोणी काही स्वीकारलेले नाही. केवळ यदृच्छेने चालणारी मालिकासुद्धा काही किमतींवर अधिक काळ रेंगाळते. तेव्हा फुगवटा दिसला म्हणजे मूल्य सापडले हा युक्तिवाद अपुरा आहे. प्रत्यक्ष बाजाराचा आकार अशा यादृच्छिक आकारांहून लक्षणीय वेगळा आहे हे दाखवण्याची जबाबदारी या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांवर येते.

चौथा आक्षेप पश्चात्‌बुद्धीचा. दिवसांचे सामान्य, कलयुक्त, तटस्थ इत्यादी प्रकार पाडले जातात. पण दिवस कोणत्या प्रकारचा होता हे बहुधा दिवस संपल्यावरच निश्चित होते. शिकवणीत दाखवलेले जुने आलेख म्हणूनच नेहमी सुबोध वाटतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात समभाग वायदे व पर्याय व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला व त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा दोष कोणा एका आलेखाचा नव्हे. परंतु आलेख वाचता येणे आणि बाजारात टिकणे यांतील अंतर किती मोठे आहे हे त्यावरून ध्यानात यावे.

लातूरचा सौदा : थांबणे की अडकणे?

स्टाइडलमायर यांनी लिलाव हे रूपक वापरले. लातूरच्या आडत बाजारात ते रूपक राहत नाही. तेथे प्रत्यक्ष सौदा निघतो. शेतकरी माल आडत्याकडे आणतो, खरेदीदार ढिगातील दाणे हातात घेऊन पाहतात, बोली होते आणि भाव ठरतो. सोयाबीन व तूर यांचा हा मराठवाड्यातील अग्रगण्य बाजार असून त्याच्या आधारे येथे तेल गिरण्या व डाळ गिरण्या उभ्या राहिल्या. लिलावाचा सिद्धांत जर कोठे लागू पडावयाचा तर तो येथे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. तपासणीत मात्र तीन भेद पुढे येतात.

पहिला भेद मालाचा. वायदे बाजारात प्रत्येक करार दुसऱ्यासारखाच असतो. मोंढ्यात प्रत्येक ढीग वेगळा असतो. ओलावा, डागी दाणे, काडीकचरा यांनुसार एकाच क्षणी दोन ढिगांचे भाव भिन्न निघतात. म्हणजे मोंढ्यातील किमान-कमाल भावांतील अंतर हे बाजाराने वर-खाली केलेल्या शोधाचे चिन्ह नसून बहुतांशी प्रतवारीचे चिन्ह असते. दुसरा भेद सातत्याचा. एका ढिगाचा सौदा एकदाच होतो. तोच माल दुपारी पुन्हा अजमावून पाहता येत नाही.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा असून तो थांबण्याच्या क्षमतेचा आहे. एखाद्या किमतीवर बाजार रेंगाळला म्हणजे दोन्ही पक्षांना ती मान्य आहे, या अनुमानामागे दोन्ही पक्ष मोकळेपणे 'नाही' म्हणू शकतात हे गृहीत आहे. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्याच वेळी रब्बीची पेरणी, दिवाळीचा खर्च, काढणीची मजुरी आणि उधारीची परतफेड समोर असते. गाडीभाडे भरून आणलेला माल भाव पटला नाही म्हणून परत नेणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. खरेदीदाराला मात्र उद्याचा ढीग उपलब्ध असतो. अशा स्थितीत एका भावाभोवती जमलेली सौद्यांची गर्दी ही दोघांच्या संमतीची खूण मानावयाची की एकाच्या नाइलाजाची?

२०२४-२५ च्या हंगामात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये जाहीर केला होता; खुल्या बाजारातील भाव हंगामभर त्याखाली राहिले. हमीभावाने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. त्या काळातील मोंढ्याचा वितरण आलेख काढला असता तर त्याचे मूल्यक्षेत्र हमीभावाच्या खालीच पडले असते आणि पद्धतीच्या परिभाषेत ती किंमत 'स्वीकृत' ठरली असती. भाव कोठे होता याचे हे वर्णन अचूक झाले असते. मालाचे मूल्य काय होते याविषयी मात्र त्यातून काहीही सिद्ध झाले नसते.

आलेखाबाहेरील कारणांचाही विचार आवश्यक आहे. ऑगस्ट २०२१ च्या सुमारास राज्यातील प्रमुख बाजारांत सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकीय परिवर्तित सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. पाठोपाठ नव्या पिकाची आवक सुरू झाली आणि भाव झपाट्याने उतरले. आलेखात हे दोन वेगळ्या फुगवट्यांच्या रूपात उमटले असते. एका फुगवट्याकडून दुसऱ्याकडे बाजार का गेला याचे उत्तर मात्र अक्षरांत नव्हे, आयात धोरणात होते. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले व पुढे ही मुदत वेळोवेळी वाढवली. सातत्याने चालणारा आणि एकजिनसी कराराचा देशी बाजारच बंद झाल्यावर सोयाबीनचा असा आलेख काढण्यासाठी शिकागोचीच आकडेवारी उरली. लातूरच्या शेतकऱ्याच्या मालाची रचना शिकागोच्या आलेखातून वाचावयाची, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नांदेडची हळद : एक तुलना

नांदेडच्या बाजारातील हळदीचे उदाहरण या विवेचनास दुसरी बाजू पुरवते. हळदीचे वायदे राष्ट्रीय कमोडिटी व डेरिव्हेटिव्हज एक्सचेंजवर चालतात व त्यांचे मूळ वितरण केंद्र शेजारच्या तेलंगणातील निजामाबाद हे आहे. उकडून वाळवलेली हळद नीट साठवल्यास दीर्घकाळ टिकते. ज्या उत्पादकाकडे साठवणुकीची सोय व थोडे खेळते भांडवल असते तो भाव न पटल्यास माल रोखून धरू शकतो. म्हणजे येथे विक्रेत्याच्या नकाराला काही वजन असते आणि त्या प्रमाणात दीर्घकाळ टिकलेल्या किमतीला स्वीकृतीचा अर्थ देणे अधिक न्याय्य ठरते. अर्थात येथेही हळकुंड व गड्डा यांचे भाव वेगळे असतात आणि निजामाबादचा वायदा व नांदेडचा हजर भाव यांत वाहतूक, प्रतवारी व स्थानिक मागणी यांचे अंतर राहतेच. निष्कर्ष असा की आलेखाची विश्वासार्हता आलेखाच्या तंत्रात नसते. ती त्यामागील पक्षांच्या थांबण्याच्या क्षमतेत असते.

या दृष्टीने राज्य कृषी पणन मंडळाची १९९०-९१ पासूनची शेतमाल तारण कर्ज योजना लक्षणीय ठरते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज व १८० दिवसांची मुदत असे तिचे सोयाबीन-तुरीसारख्या पिकांसाठीचे स्वरूप आहे. आलेखाच्या भाषेत सांगावयाचे तर ही योजना शेतकऱ्यास काळ विकत देते. ज्याच्या हाती असा काळ नाही, त्याच्या सौद्यांवरून काळाला मूल्याचा साक्षीदार ठरवणे हा पद्धतीचा दोष नसून वाचकाचा दोष आहे.

नोंदीची दिशा

या चिकित्सेतून आलेख टाकून द्यावा असा अर्थ निघत नाही. उलट, मोंढ्याच्या तीन आकडी भावपत्रकातील उणीव त्यामुळेच ठळक होते. 'सर्वसाधारण दर' हा रकाना नियंत्रण बिंदूशी नाते सांगतो. परंतु तो कोणत्या प्रतीच्या व किती मालावरून काढला, दिवसाच्या कोणत्या वेळी सौदे एकवटले हे त्यात उरत नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम प्रणालीत ढीगनिहाय बोलीची नोंद संगणकावर घेण्याची व्यवस्था आहे. प्रत्येक ढिगाचा भाव, वजन, ओलावा आणि सौद्याची वेळ अशा चार गोष्टी एकत्र उपलब्ध झाल्यास ओलाव्याच्या वर्गानुसार स्वतंत्र वितरण आलेख काढता येतील. सकाळी व दुपारी आलेल्या सारख्याच प्रतीच्या मालाला भिन्न भाव मिळतो काय, आवक वाढलेल्या दिवशी फुगवटा कोणत्या बाजूस सरकतो, अशा प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळू शकतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यासाठी याहून निकटचा विषय लातूर-नांदेड परिसरातील महाविद्यालयांस शोधावा लागणार नाही.

समारोप

किंमत-काल वितरण आलेख हे बाजाराच्या वर्णनाचे प्रभावी साधन आहे. टोकाच्या भावांऐवजी व्यवहाराच्या वाटणीकडे पाहण्याची शिस्त तो लावतो. परंतु काळ हे आकारमानाचे बदली माप होते, अर्ध्या तासाचे विभाग कृत्रिम आहेत आणि फुगवटा यदृच्छेनेही निर्माण होऊ शकतो, या तीन मर्यादांची जाणीव ठेवल्याखेरीज त्याचे वाचन दिशाभूल करणारे ठरते. शेतमालाच्या बाजारात चौथी व अधिक मूलगामी मर्यादा पुढे येते. ज्याला थांबता येते त्याच्याच बाबतीत थांबणे ही निवड असते. ऑक्टोबरमध्ये मोंढ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या सौद्यांना 'स्वीकृत मूल्य' असे नाव देताना, त्या नावाने त्याचा नाइलाज झाकला जात नाही ना, हे अभ्यासकाने आधी तपासले पाहिजे. आलेख भावाचा मुक्काम दाखवतो; त्या मुक्कामाचे कारण बाजाराच्या रचनेतच शोधावे लागते.